कपाटातल्या तबकड्या आणि उत्तम आकिंचन्य



दशलक्षण पर्वाच्या आधी मी घर आवरायला काढते. या वेळी दिवाणखान्यातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्याची पाळी होती. त्यात व्हीसीडी आणि डीव्हीडी होत्या. मोजल्या तर ८३ निघाल्या. मुलगा म्हणाला, "आई, हे लावायला घरात यंत्रसुद्धा नाही. भंगारात देऊन टाक." मी म्हटलं, बरोबर आहे. आकिंचन्य धर्मावर प्रवचन ऐकायचं आणि घरात ८३ तबकड्या धूळ खात ठेवायच्या, हे काही शोभत नाही. पिशवी आणली, भरायला बसले, आणि तिथेच दोन तास गेले. त्या दोन तासांत जे मनात आलं, आणि नंतर शोधून वाचलं, ते आज लिहिते आहे.

आपल्या घरातला करमणुकीचा इतिहास मला महामस्तकाभिषेकांवरून नीट आठवतो. १९८१ साली श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या मूर्तीला हजार वर्षं झाली तेव्हा सासूबाई एसटीने गेल्या होत्या. त्यांनी सोबत आणलं ते फक्त डोळ्यांत. पुढची कित्येक वर्षं त्या सांगायच्या आणि आम्ही ऐकायचो. १९९३ च्या अभिषेकाची व्हिडिओ कॅसेट आमच्या गल्लीत एकाच घरी होती, ती बघायला पंचवीस माणसं सतरंजीवर बसली होती. २००६ ची व्हीसीडी आम्ही स्वतः विकत आणली. २०१८ चा अभिषेक मी स्वयंपाकघरात मोबाइलवर पाहिला, कुकरला शिट्टी येईपर्यंत. प्रत्येक बारा वर्षांनी भगवान तेच, मूर्ती तीच, बघण्याचं साधन मात्र दर वेळी नवं.

सासूबाईंच्या लहानपणी सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. त्यांच्या वडिलांचा नियम पक्का होता, सूर्यास्ताच्या आत जेवण. तंबूतला खेळ अंधार पडल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून पोरी चारलाच जेवून, पाणी पिऊन तयार बसायच्या. पुढे गावात पक्कं थिएटर झालं तेव्हा आपल्या बायका दुपारचा तीनचा खेळ पसंत करायच्या. माझ्या लग्नानंतरही तोच रिवाज होता. थिएटरात जाणं हा एक सोहळाच होता, पण वेळ थिएटरवाल्याची, आपली नव्हे.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला पन्नाशी उलटल्यावर कळली. थिएटरात जी फीत फिरायची, तिच्यावर चित्र उमटवणारा थर जिलेटिनचा असे. चांदीचे बारीक कण त्या जिलेटिनमध्ये धरलेले असतात. आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून काढतात. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने फोटोच्या काचेसाठी ही युक्ती सुचवली आणि पुढे शंभरावर वर्षं जगातला जवळजवळ प्रत्येक फोटो, प्रत्येक सिनेमा त्यावरच निघाला. मुलांच्या वाढदिवसाला जेलीचं पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचणाऱ्या आपण, मंदिरातल्या फोटोंच्या अल्बमबद्दल कधी विचार केला नाही. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. माहीत नसताना घडलं. पण माहीत असावं. डीव्हीडीत मात्र तसं काही नसतं. ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची, आत ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, वर लाखेसारखा लेप. प्लॅस्टिक आहे, त्याचा दोष वेगळा.

जुन्या फितीचा दुसरा दोष म्हणजे ती टिकायची नाही. १९५० च्या सुमारापर्यंत ती नायट्रेटची असे. पटकन पेट घेणारी, आणि नाही पेटली तरी हळूहळू कुजणारी. शिवाय आतली चांदी काढून विकता येई, म्हणून जुने सिनेमे वितळवले गेले. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची १९२० ची 'सैरंध्री' नाही. देशात १३०० च्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले ३० च्या आसपास उरले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली झालं, म्हणजे बरंच काही गेल्यावर. पी. के. नायर यांनी तिथे वर्षानुवर्षं एकेक रीळ शोधून आणलं. तरी जानेवारी २००३ मध्ये पुण्यात गोदामाला आग लागून जपलेल्या नायट्रेट फितींतल्याही कित्येक जळाल्या.

मग तबकडी आली. व्हीसीडी १९९३ ची, डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात प्रथम विकायला आली, ब्लू-रे २००६ मध्ये. व्हीसीडीवर साधारण सव्वा तास मावायचा, म्हणून आपला सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांवर यायचा आणि ऐन रडायच्या प्रसंगी उठून तबकडी बदलावी लागायची. पण सोय केवढी! सामायिकाची वेळ झाली की थांबवा, नको तो प्रसंग आला की पुढे पळवा. सुरुवातीला किंमत जास्त होती, म्हणून आम्ही भाड्याने आणायचो. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाजीबरोबर सिनेमा घरी येऊ लागला. माझ्या ८३ पैकी निम्म्या तरी तेव्हाच्या. ती कंपनीही २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

अमेरिकेत नेटफ्लिक्स तर तबकड्या टपालाने पाठवूनच मोठी झाली. १९९८ मध्ये सुरुवात केली, २००७ मध्ये इंटरनेटवर सिनेमा दाखवायला लागली, जानेवारी २०१६ मध्ये आपल्याकडे आली आणि २९ सप्टेंबर २०२३ ला तिने शेवटची तबकडी पाठवली. तिकडच्या बेस्ट बाय या मोठ्या दुकानमालिकेनेही २०२४ मध्ये सिनेमाच्या डिस्क विकणं बंद केलं. म्हणजे तबकडी संपली का? पुरती नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'ओपनहायमर'ची डिस्क निघाली तेव्हा दुकानांतले साठे पहिल्या आठवड्यातच संपले होते. ज्यांना आपला सिनेमा आपल्या हातात हवा आहे, असे लोक थोडे असले तरी आहेत.

इथे मला थांबावंसं वाटलं. कारण मुलाने लगेच विचारलं, "पण हातात कशाला हवा? सगळं मोबाइलवर आहे की."

मोबाइलवर आहे, पण आपलं नाही. महिन्याचे पैसे भरतो तोवर बघतो, आणि तेही कंपनीचा करार आहे तोवर. करार संपला की सिनेमा गायब. पैसे मोजून "विकत" घेतलेलंही जाऊ शकतं. २००९ मध्ये अमेझॉनने विकलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं वाचकांच्या किंडलमधून परत काढून घेतली होती. कॅलिफोर्निया राज्याने तर आता कायदाच केला आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे दुकानदाराला स्पष्ट सांगावं लागतं की तुम्ही ही वस्तू विकत घेत नाही, फक्त बघण्याची परवानगी घेता आहात.

आता कुणी म्हणेल, आपल्याला तर हेच हवं. वस्तू नको, मालकी नको, हाच अपरिग्रह. मलाही क्षणभर तसं वाटलं. पण महिन्याला तीन ठिकाणी पैसे भरून, रात्री साडेअकराला "पुढचा भाग" आपोआप सुरू होताना बघत बसणं, याला अपरिग्रह म्हणायला माझी जीभ धजत नाही. कपाट रिकामं झालं आणि मन भरलेलंच राहिलं, तर सोडलं काय? परिग्रह म्हणजे मूर्च्छा, आसक्ती, असं आपल्याला पाठशाळेत शिकवलं होतं. वस्तू किती हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि आपल्या परंपरेने जपणुकीला कधी परिग्रह म्हटलेलं नाही. गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्यांना चिंता पडली की आपल्याबरोबर श्रुत लोप पावेल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना बोलावून शिकवलं, त्यातून षट्खंडागम लिहिलं गेलं, आणि म्हणून आपण ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी करतो, शास्त्रांची वेष्टनं बदलतो. सर्वस्व सोडलेल्या मुनींना ग्रंथ उरावा ही काळजी होती.

पुढचा इतिहास तर आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. धवला टीकेची ताडपत्रं कित्येक शतकं मूडबिद्रीच्या बस्तीत होती. लोक दर्शन घ्यायचे, वाचायचं कुणी नाही. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद या श्रावकांनी खटपट केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नक्कल करायला सुरुवात झाली. ते काम वीस वर्षांहून जास्त चाललं. डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला भाग छापला, पुढे सोळा भाग झाले. आज ते आपल्या बस्तीच्या कपाटात आहेत. महाबंधाची काही ताडपत्रं मात्र नक्कल होण्याआधीच नष्ट झाली होती. ते कळल्यावर आचार्य शांतिसागर महाराजांना फार दुःख झालं आणि त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले गेले. ते फलटणला आहेत. कुलपात एकच प्रत ठेवली म्हणून ग्रंथ सुरक्षित होत नाही. तो सुरक्षित झाला नकला झाल्यावर, चार गावी गेल्यावर. शास्त्रदान का सांगितलं असेल ते मला त्या दिवशी कपाटापुढे बसून कळलं.

आता माझ्या पिशवीकडे येते. सत्तर-एक सिनेमे मी पिशवीत टाकले, जराही वाईट वाटलं नाही. तळाला पांढऱ्या कागदी पाकिटात एक तबकडी होती, वर पेनने लिहिलेलं, "पंचकल्याणिक, भाग २". त्या पूजेत सासूबाई इंद्राणींमध्ये बसल्या होत्या. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. शेजारच्या मुलाच्या जुन्या संगणकात लावली, तर चालेना. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर खड्डे ठशाने उमटवलेले असतात, पण फोटोवाल्याने घरी लिहून दिलेल्या डिस्कवर रंगाचा थर असतो, तो ऊन-उष्म्याने लवकर उडतो. मला हे माहीत नव्हतं. कप्पा खिडकीजवळ होता.

नणंदेला फोन केला. सासूबाईंनी तेव्हा चार प्रती करून नात्यात वाटल्या होत्या, मला वाटलं उगाच खर्च. वन्संच्या घरी भाग १ सापडला आणि चालला. भाग २ कुणाकडेच नाही. म्हणजे मंडपात सासूबाई येतात, कलश उचलतात, इथपर्यंत आहे. पुढची त्यांनी म्हटलेली आरती गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढंच करा. बाजारातले सिनेमे खुशाल द्या, फक्त रस्त्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पण लग्न, पूजा, दीक्षा, आजीचा आवाज असं काही घरी लिहिलेल्या तबकडीवर असेल तर या महिन्यातच उतरवून घ्या. एक प्रत स्वतःकडे, एक दुसऱ्या गावच्या बहिणीकडे, एक जमलं तर बस्तीत. आणि एकमेकींना मागायला लाजू नका.

पुढचा महामस्तकाभिषेक २०३० च्या सुमारास येईल. तो कशावर बघू कोण जाणे. मी मात्र ठरवलं आहे, तब्येतीने साथ दिली तर या वेळी सासूबाईंसारखं प्रत्यक्ष जायचं.