सॉफ्टवेअरमधली 'माहीत असलेली' त्रुटी एका कमांडने कशी शोधतात?

७ मार्च २०१७ रोजी अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी असल्याचं जाहीर झालं. जगभरातल्या अनेक मोठ्या वेबसाइट हे सॉफ्टवेअर वापरत होत्या. दुरुस्त केलेली आवृत्तीही लगेच उपलब्ध झाली होती. तरीही मे महिन्यात हॅकर्स याच त्रुटीतून अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले. लोकांच्या कर्जांचा आणि परतफेडीचा हिशेब ठेवणाऱ्या या कंपनीकडून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१९ मध्ये कंपनीला तडजोडीपोटी किमान ५७.५ कोटी डॉलर मोजायला तयार व्हावं लागलं.

म्हणजे त्रुटी जाहीर होती, तिच्यावरचा उपायही होता. प्रश्न एवढाच होता, की ती आपल्याकडे आहे का? हे तपासण्याचे सोपे मार्ग आज मोफत उपलब्ध आहेत. ते नेमके कसे चालतात?

सीव्हीई म्हणजे काय?

सॉफ्टवेअरमधली सुरक्षा त्रुटी जाहीर झाली, की तिला एक क्रमांक मिळतो. त्याला सीव्हीई क्रमांक म्हणतात. अमेरिकेतल्या मायटर या संस्थेने १९९९ मध्ये ही पद्धत सुरू केली. स्ट्रट्सच्या त्या त्रुटीचा क्रमांक होता सीव्हीई-२०१७-५६३८. यातला पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा त्या त्रुटीचा.

त्रुटी किती गंभीर आहे, हे सांगण्यासाठी ० ते १० असे गुण दिले जातात. ९ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर त्रुटी 'अतिगंभीर' मानतात. डिसेंबर २०२१ मध्ये गाजलेल्या लॉगफोरशेल या त्रुटीला पूर्ण १० गुण होते. ही सगळी माहिती अमेरिकी सरकारच्या नॅशनल व्हल्नरेबिलिटी डेटाबेसमध्ये कुणालाही पाहता येते. अर्थात 'कुणालाही' मध्ये हॅकर्सही आले.

मग कमांड लाइन कशाला?

एका संगणकावर हजारो लहान-मोठी सॉफ्टवेअर पॅकेजेस असू शकतात. प्रत्येकाचं नाव वेबसाइटवर टाकून शोधत बसणं शक्य नाही. कमांड लाइनवर, म्हणजे टर्मिनलच्या काळ्या खिडकीत टाइप केलेली एक कमांड हे काम काही सेकंदांत करते. संगणकावर काय काय आहे आणि कोणत्या आवृत्तीचं आहे, याची यादी ती बनवते. मग ती यादी जाहीर त्रुटींच्या यादीशी ताडून पाहते आणि जुळणाऱ्या नोंदी दाखवते.

काही नेहमीच्या कमांड अशा (टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायच्या):

• एनपीएम ऑडिट: जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये वापरलेला बाहेरचा कोड तपासते. ती एनपीएमसोबतच येते.
• पिप-ऑडिट: पायथॉनसाठी. वेगळी इन्स्टॉल करावी लागते.
• डेबसेकॅन: डेबियन लिनक्सवरची पॅकेजेस तपासते.
• डीएनएफ अपडेटइन्फो: फेडोरा आणि रेड हॅट लिनक्सवर कोणते सुरक्षा अपडेट बाकी आहेत, ते सांगते.
• प्रो फिक्स: उबुंटूवर या शब्दांपुढे सीव्हीई क्रमांक दिला, की आपल्या मशीनला त्याचा धोका आहे का ते कळतं. मात्र ही कमांड दुरुस्तीही लगेच करू लागते. नुसतं पाहायचं असेल तर ड्राय-रन हा पर्याय जोडावा लागतो.
• ओएसव्ही-स्कॅनर: गुगलने २०२२ मध्ये आणलेलं मोफत टूल. अनेक भाषांमधले प्रोजेक्ट तपासतं.

निकाल वाचताना कुठे चुकतं?

पहिली अडचण आवृत्तीच्या आकड्याची. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड ही त्रुटी सापडली. मूळ सॉफ्टवेअरमध्ये ती १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्त झाली. डेबियनने मात्र आपल्याकडची जुनी १.०.१ई आवृत्तीच कायम ठेवून तिच्यात दुरुस्ती बसवली. फक्त आकडा पाहणाऱ्याला ती धोकादायक वाटेल, पण ती सुरक्षित होती. म्हणून लिनक्सवर शक्यतो त्या-त्या लिनक्सचंच टूल वापरावं.

दुसरी अडचण गुणांची. जास्त गुण म्हणजे आपल्याला जास्त धोका, असं दर वेळी नसतं. त्या कोडचा सदोष भाग आपण वापरतच नसू, तर धोका कमी होतो. उलट, कमी गुणांच्या त्रुटीचा हॅकर्स प्रत्यक्ष वापर करत असतील तर ती आधी बुजवावी लागते. अशा त्रुटींची वेगळी यादी अमेरिकेची सिसा ही सरकारी यंत्रणा नोव्हेंबर २०२१ पासून ठेवते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. काहीच सापडलं नाही, तर सगळं ठीक आहे असं समजायचं का? इक्विफॅक्सने १५ मार्च २०१७ ला, म्हणजे हल्ल्याच्या सुमारे दोन महिने आधी, स्कॅन केलं होतं. त्यात ही त्रुटी सापडलीच नाही. धोका असू शकेल अशा सगळ्या ठिकाणी शोध घेईल, अशा रीतीने स्कॅनर लावलेला नव्हता, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या तक्रारीत म्हटलं. कमांड जिथे चालवली तेवढ्याच जागेचं उत्तर ती देते. शिवाय ज्या त्रुटी अजून जाहीरच झालेल्या नाहीत, त्या तिला दिसत नाहीत.

भारतात काय व्यवस्था आहे?

इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची सर्ट-इन ही यंत्रणा नव्या त्रुटींबद्दल इशारे देते. तिला सीव्हीई क्रमांक देण्याचाही अधिकार आहे. ठराविक प्रकारचे सायबर हल्ले झाल्यास सहा तासांत कळवावं, असं तिने २०२२ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वरच्या कमांड आपल्याच संगणकावर आणि आपल्याच प्रोजेक्टवर चालवायच्या. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार बेकायदा आहे.

त्रुटी सापडली तर काय करायचं?

आधी बॅकअप घेऊन अपडेट करायचं. अपडेट आलेलं नसेल, तर ते सॉफ्टवेअर तात्पुरतं बंद करता येतं का ते पाहायचं. गरज नसेल तर काढूनच टाकायचं. काम झाल्यावर तीच कमांड पुन्हा चालवून खात्री करायची.

टर्मिनल कधीच न उघडणाऱ्यांनाही हे लागू आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. गुगलच्या अँड्रॉइड सुरक्षा पत्रकांत कोणत्या तारखेच्या अपडेटने कोणत्या सीव्हीई दुरुस्त झाल्या, याची यादी असते. ती तारीख वर्षभर जुनी असेल, तर त्यानंतर जाहीर झालेल्या त्रुटी त्या फोनमध्ये अजूनही उघड्या असू शकतात.