नामा एक नव्हे, दोन

आम्ही चौथी शिकलेले शेतकरी, पाठांतरावर कीर्तन करतो. दिंडीच्या शंभरीला एक चूक कबूल करतो.

निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीत, पळश्याच्या मुक्कामी आम्ही कीर्तनात बोलून गेलो की पायरीच्या नामदेवरायांनी ओवीबद्ध महाभारत रचलं. कीर्तन झाल्यावर एक म्हातारे टाळकरी हळूच म्हणाले, "महाराज, तो नामा निराळा."

खरंच आहे माऊली. पायरीचे नामदेवराय 1270 ते 1350 मधले, ज्ञानोबा-निवृत्तिनाथांचे सोबती. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. महाभारत लिहिणारे विष्णुदास नामा सोळाव्या शतकातले, पैठणच्या नाथमहाराजांच्या काळचे. मधे दोन-अडीचशे वर्षं गेली. पण नाव एकच, म्हणून गाथ्यात अभंग मिसळले. नुसत्या 'विष्णुदास' शब्दावर निवाडा होत नाही. विष्णूचा दास तर कोणीही भक्त स्वतःला म्हणवील.

विठ्ठलाला दोघंही सारखेच. पण एकाची कमाई दुसऱ्याच्या नावावर घालणं म्हणजे शेजाऱ्याचा बांध कोरणं. पुढच्या कीर्तनकारांनी अभंग धरण्याआधी विचारावं, नामा कोणता? आम्ही फार उशिरा विचारलं.