हिरवळीवरचा घुमट : मुंबईच्या जुन्या छायाचित्रांतील एक कोडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या कोटात जी छायाचित्रे घेतली गेली, त्यांपैकी 'बॉम्बे ग्रीन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोकळ्या मैदानाच्या छायाचित्रांत एक लहानशी घुमटाकार वास्तू दिसते. दगडी चौथरा, त्यावर खांब आणि खांबांवर तोललेला घुमट एवढाच तिचा आकार. भोवती उघडे मैदान आणि पलीकडे सेंट थॉमस चर्चचा मनोरा. आज त्या मैदानाच्या जागी हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार बाग आहे आणि बागेत अशी वास्तू कोठेही नाही. जुने छायाचित्र आणि आजची बाग ताडून पाहणाऱ्याला ही छत्री कशाची असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. एखाद्या विहिरीवरचे छप्पर, पलटणीच्या वाद्यवृंदासाठी बांधलेला मंडप किंवा कोणाची तरी कबर, असे तीनही तर्क केवळ आकारावरून सारखेच शक्य वाटतात.

अशा वेळी वास्तूपेक्षा तिच्या परिसराकडे आधी पाहणे उपयोगी ठरते, कारण परिसर छायाचित्राचा काळही सांगतो आणि कॅमेऱ्याची जागाही. मैदानाच्या पूर्वेस १८३३ मध्ये पुरा झालेला टाउन हॉल, म्हणजे आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय असलेली इमारत आहे, तर पश्चिमेस १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च आहे. तेव्हा चर्च समोर ठेवून घेतलेले चित्र टाउन हॉलच्या बाजूने घेतलेले असणार, हे उघड आहे. चर्चचा आजचा उंच मनोरा १८३८ च्या सुमारास बांधला गेला. तो चित्रात आहे. मैदानाला अर्धवर्तुळात वेढणाऱ्या, कमानींच्या सज्जांच्या इमारती १८६० च्या दशकातल्या आहेत. त्या चित्रात नाहीत. या दोन खुणांमुळे काळाची चौकट बरीच आवळली जाते. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली आणि विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईची छायाचित्रे मासिक संग्रहाच्या रूपाने प्रसिद्ध केली, हे ध्यानात घेतले की मैदानाचे हे दर्शन बहुधा त्याच सुमाराचे असावे.

ती वास्तू म्हणजे कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याचे स्मारक होय. ज्याचे दफन अन्यत्र झाले आहे अशा व्यक्तीसाठी बांधलेल्या स्मारकाला इंग्रजी स्थापत्यात सेनोटाफ म्हणतात, आणि हे स्मारक त्याच जातीचे होते. घुमटाखाली कोणतीही कबर नव्हती. जॉन बेकन धाकटा या लंडनच्या शिल्पकाराने घडवलेला कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा तेथे उभा होता. प्रत्यक्ष कॉर्नवॉलिसला ५ ऑक्टोबर १८०५ रोजी गंगेकाठच्या गाझीपूर येथे मृत्यू आला आणि त्याची कबरही तेथेच आहे. तीही खांबांनी वेढलेली, घुमटाची वास्तू असून तिकडचे लोक तिला लाटसाहेबाचा मकबरा म्हणतात. म्हणजे एकाच माणसासाठी या देशात घुमटाखाली गाझीपुरात देहासाठी आणि मुंबईत केवळ स्मृतीसाठी स्मारक झाले.

ज्याच्या कारभाराचे मुख्य केंद्र बंगाल होते आणि १७९३ ची जमीन महसुलाची कायमधारा पद्धत ज्याच्या नावाशी जोडली गेली, त्याचे स्मारक मुंबईने का उभारावे, याचे उत्तर म्हैसूरच्या टिपू सुलतानावरच्या मोहिमेत आहे. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला वेढा पडला तेव्हा मुंबईची फौज जनरल अॅबरक्रॉम्बी याच्या हाताखाली मलबारच्या बाजूने चालून आली होती. आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन हे पेशव्यांचे सरदार त्याच मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या बरोबरीने होते. त्यामुळे हे नाव केवळ कोटातल्या युरोपियन व्यापाऱ्यांनाच परिचित होते असे मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या दरबारातही ते चांगलेच परिचयाचे होते.

येथपर्यंतचा उलगडा नेहमीच्या पद्धतीने होतो. छायाचित्राच्या कक्षेबाहेरचा भाग मात्र याहून महत्त्वाचा आहे. मुंबईच्या इंग्रजी वर्णनांत अशी नोंद आढळते की शहरातले आणि शहराबाहेरून येणारे हिंदी लोक या स्मारकाला 'छोटा देवळ' म्हणत, तेथे फुले वाहत आणि नमस्कार करत. इंग्रज लेखकांनी ही गोष्ट बहुधा नवल म्हणून, काहींनी तर अज्ञानाचा नमुना म्हणून सांगितली आहे. हा निवाडा मान्य करता येत नाही. महाराष्ट्रातल्या छत्रीच्या परंपरेकडे पाहिले तर लोकांचे वर्तन अगदी सुसंगत दिसते. छत्री म्हणजे मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ, बहुधा दहनाच्या जागी, खांबांवर बांधलेली घुमटाची वास्तू. अशा वास्तूत पादुका, शिवलिंग किंवा त्या व्यक्तीची मूर्ती बसवतात आणि तेथे दिवा-फूल चालू ठेवतात. महादजी शिंदे यांचा मृत्यू १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे झाला. तेथली शिंदे छत्री ही याच परंपरेतली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधवलेल्या मंदिरात शिवाजी महाराजांच्या मूर्तीची पूजा होते, तीही तीनशेहून अधिक वर्षे. ज्या समाजात मृत राजाच्या मूर्तीपुढे हात जोडणे हा रोजचा शिष्टाचार होता, त्या समाजातल्या माणसाने चौथरा, खांब, घुमट आणि आत उभी मूर्ती पाहून पायांतले जोडे काढले, तर त्याने वास्तूचा अर्थ बरोबरच लावला असे म्हटले पाहिजे. स्मारक उभारणाऱ्यांनाही आदरच अपेक्षित होता. फरक होता तो आदर व्यक्त करण्याच्या रीतीत.

मग छायाचित्रांत ही पूजा का दिसत नाही? याचे कारण त्या काळच्या तंत्रात आहे. काचेवर ओल्या रासायनिक थराची तबकडी तयार करून ती वाळण्यापूर्वीच कॅमेऱ्यात घालायची आणि काही सेकंद प्रकाशासमोर उघडी ठेवायची, अशी ओल्या कोलोडियनची पद्धत तेव्हा प्रचारात होती. इतक्या अवधीत चालता माणूस तबकडीवर उमटत नाही, उमटलाच तर धुरकट पट्ट्यासारखा. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली १८५० च्या दशकात शेअर दलाल जमत असत आणि त्याआधी, १८४४ मध्ये कापसाचा व्यवहार कुलाब्याला हलेपर्यंत, या मैदानावर कापसाच्या गाठींचे ढीग पडत. असे गजबजलेले मैदान चित्रात ओस वाटते ते तंत्रामुळे. फुले वाहून दोन क्षणांत पुढे जाणारा भाविक अशा तबकडीवर सापडणार तरी कसा? छायाचित्र दगडाची साक्ष देते. दगडापुढे काय घडत होते, हे लिखित नोंदींतच शोधावे लागते.

१८६० नंतर मैदानाचे रूप पालटले. पोलीस प्रमुख चार्ल्स फोर्जेट याने तेथे बाग आणि भोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती उभारण्याची कल्पना मांडली, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने तिला पाठिंबा दिला आणि पुढे बार्टल फ्रिअर याच्या कारकिर्दीत ती प्रत्यक्षात आली. जेम्स ट्रबशॉ याच्या आराखड्यानुसार इमारती झाल्या, मैदानाला लोखंडी कुंपण पडले, झाडे लावली गेली आणि जागेला एल्फिन्स्टन सर्कल हे नाव मिळाले. झाडे वाढत गेली तशी मोकळ्या मैदानावर लांबून नजरेत भरणारी वास्तू बागेतल्या अनेक वस्तूंपैकी एक होऊन बसली. जुन्या चित्रांत ती सगळ्या दृश्याच्या केंद्रस्थानी आहे आणि पुढच्या काळात तिची ओळखच विसरली गेली, याचे बरेचसे कारण या बदललेल्या परिसरात सापडते.

स्वातंत्र्यानंतर सर्कलला बेंजामिन हॉर्निमन याचे नाव दिले गेले. 'बॉम्बे क्रॉनिकल'चा हा संपादक जन्माने इंग्रज. पंजाबातल्या अत्याचारांविरुद्ध लिहिल्यामुळे सरकारने त्याला १९१९ मध्ये हद्दपार केले होते. १९६५ च्या सुमारास शहरातल्या चौकांतले आणि बागांतले ब्रिटिश अधिकाऱ्यांचे पुतळे हलवण्यात आले, त्यांतले बरेच भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आणि लगतच्या संग्रहालयाच्या आवारात पोचले. कॉर्नवॉलिसही तेथेच गेला. या संग्रहालयाला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी होते, म्हणजे मुंबईत कॅमेरा रुजवणाऱ्यांत या घराण्याचाही वाटा होता.

कोटातल्या जुन्या मैदानाची छायाचित्रे आता अनेक पुस्तकांत आणि प्रदर्शनांत पाहायला मिळतात. त्यांखाली 'कॉर्नवॉलिसचे स्मारक' एवढीच ओळ लिहून भागणार नाही. लोकांनी त्या वास्तूला दिलेले नाव आणि तेथे वाहिलेली फुले हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. चित्रांच्या नोंदींत आणि संग्रहालयाच्या आवारातल्या पुतळ्याशेजारच्या फलकावर तो मराठीत लिहिला जावा, अशी मागणी वाचकांनी संबंधितांकडे अवश्य करावी.