पंच्याहत्तर रुपये आणि वीस वर्षं

आजचा एपिसोड राजारामपुरीतल्या आमच्या माडीवर रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मधेच रिक्षाचा हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या.

माझी आतेबहीण एका सामाजिक संस्थेत काम करते. कुठल्या ते सांगत नाही, तिची नोकरी आधीच टांगणीला आहे. सहा वर्षं झाली, दरवेळी करार ११ महिन्यांचा. निधी आला तर पुढचा करार, नाहीतर 'बघूया'. परवा मीटिंगमध्ये तिला ऐकवलं, "तुमच्या पिढीत निष्ठाच नाही. टिळक-आगरकर आठवा जरा." घरी येऊन ती मला म्हणाली, "तू डेटावाला ना? मग काढ, त्यांना काय मिळत होतं?"

काढला.

१८८० मध्ये चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. चिपळूणकरांनी त्यासाठी सरकारी नोकरी सोडली होती. आगरकर पुढच्या वर्षी आले. टेंभूचा गरीब घरचा पोरगा, एम.ए. झालेला, सरकारी खात्यात आरामात चिकटला असता. १८८२ मध्ये तर आपल्या कोल्हापूरच्याच प्रकरणात, म्हणजे कारभारी बर्वे यांच्यावरच्या लिखाणामुळे, टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. बाहेर आल्यावर त्यांना शाळेतून कुणी काढलं नाही. कोण काढणार? शाळा त्यांचीच होती ना!

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. आजीव सभासदाने २० वर्षं काम करायचं. गोखल्यांनी तसं वचन दिलं, महिना ७५ रुपयांवर. पगार बाजारभावापेक्षा कमी, हे खरंच. पण विम्याची सोय होती, नंतर पेन्शन होतं, आणि रोजचा कारभार आजीव सभासदच बघायचे. १९०२ मध्ये गोखले बाहेर पडले तेव्हा त्यांना पेन्शन होतं. म्हणजे माणूस वीस वर्षांचा शब्द द्यायचा आणि संस्थाही त्याला शब्द द्यायची. आमच्या ताईकडून आयुष्य मागतात, आणि देतात ११ महिने.

आता हे सगळं गोडीगुलाबीत चाललं असं समजू नका. पगारावरून तिथेही जाम वाजलं. पगारवाढीचा विषय निघाला, टिळकांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, त्याग करायला आलोय तर सगळ्यांना सारखंच, आणि बाहेरची कमाईही नको. तत्त्व म्हणून झकास. पण टिळकांच्या घरी थोडीफार मालमत्ता होती, आगरकरांकडे काय होतं? दोघांचा त्याग कागदावर सारखा, घरात वेगळा. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं काम घेतलं त्यावरूनही खटके उडाले. शेवटी १८९० मध्ये टिळकांनी लांबलचक राजीनामा दिला आणि बाहेर पडले. मग त्यांनी कायद्याचे क्लास घेतले, लातूरला जिनिंग कारखान्यात भागीदारी केली. घर त्यांनाही चालवायचं होतंच की.

आगरकर राहिले. १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि १८९५ मध्ये दम्याने गेले. वय ३८. सांगतात की स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते. ही गोष्ट आपण शाळेत ऐकली तेव्हा गहिवरून आलं होतं. आता ऐकताना मला वेगळाच प्रश्न पडतो: कॉलेजच्या प्राचार्याला ही पुडी बांधावी का लागली?

ताईला हे सगळं पाठवलं. तिचा रिप्लाय आला: "७५ चं राहू दे रे. वीस वर्षं कुठे सही करायची तेवढं सांग."

तिचा करार ३१ मार्चला संपतोय. पुढच्या एपिसोडपर्यंत कळेल.