तिलोनियाच्या गच्चीवरचं ऊन

रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांचा क्रम लक्षात राहावा म्हणून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी 'बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन' घोकलेलं असेल. हेच रंग अक्षरओळख नसलेल्या आज्यांना शिकवणारी एक संस्था राजस्थानात आहे, आणि तिच्या संस्थापकांचं आडनावही रॉयच! (योगायोग. पण मला भारी आवडतो.)

संजित ऊर्फ बंकर रॉय. डून स्कूल, मग दिल्लीचं सेंट स्टीफन्स, म्हणजे पुढची वाट अगदी गुळगुळीत. पण साठच्या दशकातला बिहारचा दुष्काळ पाहिला आणि गडी खेड्यात गेला. १९७२ साली त्यांनी अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियात, क्षयरोग्यांसाठीच्या एका बंद पडलेल्या जुन्या इस्पितळाच्या आवारात संस्था काढली. नाव 'सोशल वर्क अँड रिसर्च सेंटर'. पुढे जग तिला 'बेअरफूट कॉलेज' म्हणू लागलं. गावातल्याच माणसांना काम शिकवायचं, आणि डिग्री विचारायची नाही, हा तिथला नियम.

१९८६ ते १९८९ या काळात संस्थेने नवं आवार बांधलं आणि त्याच सुमारास सौरविजेचं काम हाती घेतलं. तेव्हा पॅनेलच्या एका वॅटला कित्येक डॉलर मोजावे लागायचे. आज एका डॉलरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी लागतात. म्हणजे तेव्हा एखाद्या ना-नफा संस्थेने ऑफिसच्या छपरावर पॅनेल चढवणं हा शुद्ध वेडेपणाच होता. तरी वाढत वाढत ही यंत्रणा ४० किलोवॅटवर पोचली. दिवे, पंखे, कॉम्प्युटर, टेलिफोन एक्स्चेंज, सगळं उन्हावर. आज पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या गच्चीवर एवढं सहज बसेल, त्यामुळे आकड्याचं कौतुक नको. ती चालू कशी राहिली, ते बघण्यासारखं आहे.

आज रूफटॉप म्हटलं की आपल्याला नेट मीटरिंग आठवतं. दिवसा उरलेली वीज ग्रिडला द्यायची, रात्री परत घ्यायची. तेव्हा ती सोय नव्हती. दिवसाची वीज लेड-अॅसिड बॅटरीत साठवायची, आणि ही बॅटरी म्हणजे रुसकं पोर! जास्त चार्ज झाली की आतलं पाणी उडतं, पार रिकामी राहिली की प्लेट्सवर सल्फेट जमतं. म्हणून पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. बॅटरीच्या डीसीवर नेहमीची उपकरणं चालवायची तर इन्व्हर्टर लागतो. पॅनेल छपरावर वीस-पंचवीस वर्षं मुकाट पडून राहतं. छपराखालच्या या मंडळींना मात्र सतत कुणाचा तरी हात लागतो.

कित्येक शाळांच्या नि ग्रामपंचायतींच्या छपरांवर धूळ खात पडलेले पॅनेल दिसतात ना, त्यांची रड बहुतेक वेळा हीच असते. पॅनेल धडधाकट, पण बॅटरी मेलेली, आणि दुरुस्त करणारा दोनशे किलोमीटरवर.

तिलोनियाने हा प्रश्न मुळातच सोडवला. चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर आवारातच जोडायला सुरुवात केली. स्वतः जोडलेलं बिघडलं तर उघडायची भीती वाटत नाही. (स्वतः लिहिलेला कोड आणि दुसऱ्याचा कोड.. पुढचं सांगायला नकोच.) तिथली यंत्रणा उभी करणारा माणूस आठ यत्ता शिकलेला एक पुजारी होता, असं बंकर रॉय यांनी २०११ च्या टेड भाषणात सांगितलं होतं. पुढे खेड्यापाड्यांतल्या बायका शिकायला आल्या. २००८ पासून भारत सरकारच्या मदतीने आफ्रिकेतल्या आज्याही आल्या. भाषा वेगळी, लिपी नाही, म्हणून शिकवणं रंगांनी आणि खुणांनी. सहा महिन्यांत त्या सर्किट जोडायला लागायच्या.

आता दुसरी बाजू. २००१ साली या आवाराला वास्तुरचनेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि श्रेय निरक्षर गवंड्यांना दिलं गेलं. मग एका पदवीधर आर्किटेक्टने आराखड्यात आपला वाटा असल्याचं सांगितलं. पुरस्कार देणाऱ्यांनी त्याचं नाव जोडलं, आणि २००२ मध्ये संस्थेने पुरस्कारच परत केला. मला हा भाग खटकतो. अनवाणी माणसाला मान द्यायचा म्हणून बूट घातलेल्याचं नाव कशाला पुसायचं? छपरावरची सिलिकॉन सेल तरी कुठल्यातरी कारखान्यात पदवीधरांनीच बनवली होती.

तरीही हिशोब मांडला तर तिलोनियाचं पारडं जड आहे. आपल्या धंद्यात 'हे फक्त त्यालाच कळतं' असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याची नोकरी पक्की समजतात. तिलोनियात शिकून गेलेल्या बाईचं काम याच्या उलट: गावी परत जायचं, घराघरांत दिवे लावायचे आणि ते चालू ठेवायचे.

असो. तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोलरची कोटेशनं येतील तेव्हा किलोवॅट आणि सबसिडी यांवर भरपूर भांडा. पण एक प्रश्न नक्की विचारा: चौथ्या वर्षी इन्व्हर्टर बंद पडला तर तो उघडणार कोण? आणि तो माणूस किती लांब राहतो?