गोलंदाजाचा कान : नेमबाजीतील श्रवणरक्षणाचा इतिहास

तोफ आणि बंदूक यांच्या इतिहासात लक्ष्यावर झालेल्या आघाताची नोंद विपुल सापडते. शस्त्र चालविणाराच्या कानावर झालेल्या आघाताची मात्र क्वचितच. इ. स. १७८२ च्या एप्रिलमध्ये कॅरिबियन समुद्रात झालेल्या सेंट्सच्या लढाईचा वृत्तान्त या दृष्टीने अपवादात्मक म्हटला पाहिजे. ‘फॉर्मिडेबल’ या ध्वजनौकेवरून तोफांच्या सुमारे ८० सरबत्ती झाडल्या गेल्यावर इंग्रज आरमाराचा सेनापती रॉडनी यास १४ दिवसपर्यंत जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, असे कर्णरोगविषयक वाङ्मयात नमूद केले जाते. सेनापतीचे बहिरेपण नोंदले गेले; तोफेला बत्ती देणाऱ्या सामान्य गोलंदाजांचे काय झाले, याविषयी ते वाङ्मय मौन पाळते.

या मौनाचे कारण उघड आहे. बहिरेपण हे त्या पेशाचे लक्षणच मानले जाई. जॉन फॉसब्रोक या इंग्रज वैद्याने लोहारांच्या बहिरेपणाकडे १८३१ साली लक्ष वेधले. तथापि रोग ओळखणे आणि त्याचे निवारण करणे या दोहोंमध्ये जवळजवळ एका शतकाचे अंतर पडले. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या म्हणजे मनुष्याच्या शरीरात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. हानी वेदनेवाचून होते आणि प्रथम उच्च स्वर हरपतात. त्यामुळे आपले काय गेले हे गोलंदाजास पुष्कळ उशिरा कळत असे.

कानात बोळा घालण्याची कल्पना अर्थातच प्राचीन आहे. होमरच्या ‘ओडिसी’त नाविकांचे कान मेणाने बंद केल्याचा प्रसंग प्रसिद्धच आहे. बर्लिन येथील माक्स नेगवेर या औषधविक्रेत्याने १९०७ साली मेण आणि कापूस यांपासून बोळे बनविण्याचा उद्योग सुरू केला, त्यामागे याच कथेची प्रेरणा होती. पहिल्या महायुद्धात हे बोळे जर्मन सैनिकांपर्यंत पोचले. त्याच सुमारास ब्रिटिश बाजूस मॅलक-आर्मस्ट्राँग नावाचे कर्णरक्षक प्रचारात आले. तरीही सामान्य सैनिकाचा भरवसा कोरड्या कापसावरच राहिला. आणि कोरडा सच्छिद्र कापूस बंदुकीच्या आवाजास फारसा अडवीत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या प्रश्नास शास्त्रीय वळण लागले. हार्वर्ड विद्यापीठात एस्. एस्. स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली मनोध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली आणि याच युद्धकाळात ‘व्ही-५१-आर’ हा लवचिक बोळा सिद्ध झाला. तो निरनिराळ्या मापांत काढावा लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे. कर्णनलिका सर्वांची सारखी नसते. किंबहुना एकाच मनुष्याचे दोन कानही पुष्कळदा भिन्न मापांचे असतात. सैल बोळ्यातून आवाज शिरतो, तर घट्ट बोळा टोचतो आणि सैनिक तो काढून खिशात टाकतो. येथून पुढे संरक्षणाचा प्रश्न हा सुखकरतेचा प्रश्न बनला.

जेट विमानांच्या आगमनानंतर कानावर बाहेरून बसणाऱ्या कर्णकवचांना महत्त्व आले. कवच घट्ट दाबून बसले तरच आवाज अडतो, आणि दाब वाढला की तासाभरात डोके ठणकू लागते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील एडगर शॉ आणि जॉर्ज थीसेन यांनी १९५०-६० च्या दशकात द्रवाने भरलेल्या गादीचा अवलंब करून ही अडचण सौम्य केली. अशी गादी चेहऱ्याच्या उंचसखलपणाशी मिळतीजुळती होते व कमी दाबातही फट राहू देत नाही. तथापि घाम, चष्म्याच्या काड्या आणि बंदुकीचा दस्ता हे तीन शत्रू उरलेच. दस्त्यावर गाल टेकताच कवचाची कडा त्यास अडते व कवच कानावरून उचलले जाते. म्हणूनच रायफल चालविणारे पातळ कवच किंवा बोळा पसंत करतात.

अमेरिकेत रॉस गार्डनर यांच्या संशोधनातून निघालेला फेसाळ प्लास्टिकचा बोळा १९७२ साली बाजारात आला. बोटांनी वळून बारीक करावा, कानात सारावा आणि तो सावकाश फुगून नलिकेचा आकार धारण करावा, अशी त्याची योजना आहे. मापाचा प्रश्न यामुळे बहुतांशी सुटला, परंतु नीट बसविण्याचा सुटला नाही. अमेरिकेत १९७९ च्या नियमानुसार वेष्टनावर ध्वनिघटीचा अंक छापणे बंधनकारक झाले. तो प्रयोगशाळेतील अंक असतो. प्रत्यक्ष वापरात पुष्कळांच्या पदरी त्याहून बरेच कमी पडते.

या संदर्भात एक साधे गणित निर्णायक ठरते. दिवसभर सारखा गोंगाट असता ३० डेसिबल आवाज अडविणारे साधन केवळ दहावा हिस्सा वेळ काढून ठेवले, तर ध्वनिशक्तीच्या हिशेबाने लाभ सुमारे १० डेसिबलांवर येतो. अर्धा वेळ काढल्यास तो अवघा ३ डेसिबल उरतो. बंदुकीच्या बाबतीत तर स्थिती अधिकच कठोर आहे. लहान ०.२२ इंची रायफलीचा स्फोट सुमारे १४० डेसिबलांच्या शिखरास पोचतो, मोठ्या रायफलींचा त्याच्याही वर जातो. तेथे एकच गोळी पुरेशी असते. यास्तव दिवसभर कानावर राहणारे मध्यम शक्तीचे साधन हे वारंवार काढावे लागणाऱ्या प्रबळ साधनाहून श्रेष्ठ ठरते.

संभाषण ऐकू यावे आणि स्फोट मात्र अडावा, या हेतूने पुढे सूक्ष्म छिद्राचे बोळे निघाले. अमेरिकी सैन्यास पुरविलेल्या अशा एका बोळ्याचा दांडा आखूड असून तो नकळत सैल होतो, असा आरोप झाला. उत्पादक कंपनीने दोष मान्य न करता २०१८ साली सरकारशी ९१ लाख डॉलरांची, तर २०२३ साली असंख्य माजी सैनिकांशी सुमारे ६०० कोटी डॉलरांची तडजोड केली.

क्रीडाक्षेत्रातही हा प्रश्न जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींतून नेम धरावा लागतो. प्रत्येक स्थितीत मान, गाल आणि दस्ता यांचा संबंध बदलतो. कानावरील साधनाने तो बिघडवून चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियम खेळाडूस कर्णरक्षक वापरण्याचा आग्रह करतात, मात्र ध्वनिग्राहक यंत्र बसविलेले साधन वर्ज्य मानतात.

सारांश, मेणापासून फेसाळ प्लास्टिकपर्यंतचा हा प्रवास केवळ अधिकाधिक आवाज अडविण्याचा नाही. कानास विसर पडेल असे साधन शोधण्याचा तो प्रयत्न आहे. जे साधन सायंकाळपर्यंत जागेवर राहिले तेच गोलंदाजाच्या उपयोगी पडले, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.