तीन रंगांचा बैल, चार रंगांचा मावळा

खेळण्यातील शिपाई थोड्या वेळात आणि थोड्या रंगांत रंगवण्याची पद्धत आज बहुधा परदेशी छंदाचा भाग म्हणून ओळखली जाते. परंतु बोटभर उंचीच्या शेकडो आकृत्या सणाच्या ठरलेल्या दिवसाआधी रंगवून बाजारात न्यायच्या, त्या चार हातांवरूनही ओळखू आल्या पाहिजेत आणि त्यांची किंमत मात्र लहान मुलाच्या हट्टाला परवडेल एवढीच राहिली पाहिजे, हा पेच अकोला-अमरावतीकडील कुंभारांनी आपल्या परीने केव्हाच सोडवलेला आहे. पोळ्याचा मातीचा बैल आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा ही त्या उत्तराची दोन रूपे होत. कोणत्या भागाला कोणता रंग, कोणत्या क्रमाने आणि किती हातांत द्यायचा, याचा कुंचला उचलण्याआधीच ठरलेला आराखडा म्हणजे रंगयोजना. आणि या योजनेचे कूळ शोधू गेल्यास ते चित्रकलेपेक्षा माती, गुरे आणि युद्ध यांच्याकडे अधिक घेऊन जाते.

मातीचा बैल महाराष्ट्रात अतिप्राचीन आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली पुरलेली, न भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत एक बैल सापडला. तीन हजार वर्षांहून जुन्या असलेल्या या बैलाचे आणि आज पोळ्याला विकल्या जाणाऱ्या कच्च्या मातीच्या बैलाचे थेट नाते सिद्ध करणे शक्य नसले, तरी मूठभर ओल्या मातीतून चार पाय, वशिंड आणि शिंगे ओढून काढण्याची हातोटी तीच आहे. वऱ्हाडात मात्र या कामाला एक खास अडथळा येतो, तो तिथल्या काळ्या मातीचा. कापसाला वरदान ठरलेली ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे नुसत्या काळ्या मातीचे खेळणे वाळता वाळताच भेगाळते. म्हणून कुंभार नदीकाठचा गाळ, बारीक वाळू, राख किंवा लीद मिसळून तिचा ताण मोडतो. तरीही बारीक चिरा राहतात आणि वाळलेल्या आकृतीचा रंग काळपट, मळकट दिसतो. अशा पृष्ठभागावर कोणताही पातळ रंग उठत नाही. म्हणून पहिला हात पांढऱ्याचा द्यावा लागतो: खडूची भुकटी किंवा चुना डिंकाच्या पाण्यात कालवून सबंध आकृतीवर दिलेला हा दाट थर म्हणजे अस्तर. अस्तर चिरा बुजवते, मातीचा काळेपणा झाकते आणि बैलाच्या बाबतीत तर अर्धे रंगकाम एकाच हातात उरकून टाकते, कारण पांढरा हाच त्याचा अंगचा रंग ठरतो. घाईच्या रंगकामाचा पहिला नियम, म्हणजे ज्या रंगाचे क्षेत्र सर्वांत मोठे त्याच रंगाचे अस्तर द्यावे, हा या मातीच्या दोषातून जन्मला असे म्हणता येते.

बैलाचे उरलेले रंग कुंभाराने शोधलेले नाहीत. ते त्याने शेतकऱ्याकडून घेतले. श्रावण अमावास्येच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे तूप-हळदीने मळले जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना धुऊन सजवले जाते: शिंगे घासून त्यांना हिंगूळ लावला जातो, म्हणजे शेंदरासारखा गडद तांबडा रंग, त्यावर बेगडाच्या पट्ट्या, म्हणजे चमकदार रंगीत पत्र्याचे कपटे, चिकटवले जातात, अंगावर गेरूचे ठिपके किंवा तळहाताचे ठसे उमटतात, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. हे सारे तोरणाखाली जाण्याच्या वेळेआधी, अनेकदा एकट्यादुकट्याने, हलत्या जनावरावर करायचे असते, म्हणून जिवंत बैलाची रंगयोजनाही मुळातच झटपट असते. तिच्यात छटा नाहीत, बारकावे नाहीत. आहेत ते पांढऱ्यावर तांबडे ठिपके, रंगीत शिंगे आणि झुलीचा एकसलग चौकोन. ज्याच्या घरी गुरे नाहीत त्याने पूजेसाठी आणलेला मातीचा बैल हा रानातल्या बैलाची नव्हे, तर या सजवलेल्या बैलाची प्रतिकृती असतो. आधीच रंगवलेल्या वस्तूचे पुन्हा रंगचित्र काढायचे असल्यामुळे त्याला तीन रंग पुरतात, आणि ते अपुरे वाटत नाहीत. ही गोष्ट या कुळकथेत सर्वांत महत्त्वाची आहे, कारण शिपायाच्या बाबतीतही नेमके हेच घडले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, ज्यात मुले चाकांचा लाकडी नंदी ओढत दारोदार जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात, तो नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळाशी परंपरेने जोडला जातो. लाकडी नंदी पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकतो, दरवर्षी त्यावर नवा हात चढतो आणि त्याला हौसेने नटवले जाते, म्हणून तो झटपट रंगकामाच्या कुळात बसत नाही. पण लहान मुलाच्या हाती सणाचे छोटे रूप देण्याची विदर्भाची आवड त्यातून स्पष्ट दिसते.

रंगद्रव्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. गेरू, पिवळी माती, काजळ, नीळ, हिंगूळ आणि बांधण म्हणून बाभळीचा डिंक, हे जुने साहित्य. बांधण म्हणजे रंगाची भुकटी पृष्ठभागाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला आणि त्यानंतरच्या काळात वऱ्हाडचा कापूस ज्या मार्गाने मुंबईला जाऊ लागला त्याच मार्गाने कारखान्यांत बनलेले भडक रंग उलट दिशेने येऊ लागले. पुडीतल्या गुलाबी आणि हिरव्या रंगांनी गेरू-हिंगुळाची जागा बऱ्याच अंशी घेतली, परंतु रंगांची जागा आणि क्रम बदलला नाही: मोठे क्षेत्र आधी, लहान नंतर, काळी रेघ शेवटी.

आता शिपायाकडे वळावे. खेळण्यातील शिपाई सोप्या रंगांत रंगवता येतो, याचे कारण खरा शिपाईच तसा रंगवलेला होता. युरोपातील सैन्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांत गणवेश रूढ केले, ते धुराने भरलेल्या रणांगणावर आपली पलटण आणि शत्रूची पलटण दुरून वेगळी ओळखता यावी आणि हजारो कोट एकाच स्वस्त रंगात रंगवून घेता यावेत म्हणून. इंग्रज शिपायाचा लाल कोट मंजिष्ठेच्या मुळापासून काढलेल्या रंगाचा होता. वरच्या अधिकाऱ्याचा अधिक झळाळता, अधिक महाग. हा लाल कोट वऱ्हाडने फार जवळून पाहिला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याची आणि नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याची लढाई झाली, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या एकोणीस दिवसांत वऱ्हाडच्या भूमीवर दोन तऱ्हेची सैन्ये समोरासमोर उभी होती: एकीकडे लाल कोट, पांढरे आडवे पट्टे आणि काळ्या टोप्या यांच्या सरळ रांगा, तर दुसरीकडे कवायती पलटणी, घोडेस्वार, अरब आणि रजपूत शिपाई यांचा समूह, ज्यात बहुतेकांचा पोशाख घरचा किंवा पथकाच्या रिवाजाचा होता.

खेळण्यांच्या कारखान्यांनी यांपैकी पहिल्या तऱ्हेचे सैन्य उचलले, कारण ते आयते सोपे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे शिपाई ओतून विकण्यास आरंभ केला. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिशाचा शिपाई काढला, ज्यात धातू कमी लागे आणि किंमत उतरे. त्याची ५४ मिलिमीटर उंची पुढे या खेळण्यांचे प्रमाण माप ठरली. दोन्ही ठिकाणी रंगकाम मुख्यतः बायका, आणि न्यूरेंबर्गमध्ये मुलेही, नगावर मजुरी घेऊन करीत. नगावर मजुरी म्हटल्यावर कुंचल्याचा प्रत्येक अनावश्यक फटकारा म्हणजे गेलेला पैसा. साहजिकच लाल, पांढरा, काळा आणि कातडीचा असे चार रंग, चेहऱ्यावर दोन ठिपके आणि मिशीची रेघ एवढ्यावर शिपाई पुरा होऊ लागला. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशाच शिपायांनी घराच्या जमिनीवर लढाई खेळण्याचे नियम पुस्तकरूपाने छापले, आणि मांडणीच्या युद्धखेळाला तेथून मोठी चालना मिळाली.

मराठी मुलाच्या किल्ल्याला असा आयता गणवेश मिळाला नाही. किल्ला बांधण्याची चाल मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राची, पण अकोला-अमरावतीतही ती आता परकी राहिलेली नाही. दगड-विटांच्या ढिगावर मातीचा लेप, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, माथ्यावर सिंहासनावरचे शिवाजी महाराज आणि पायथ्यापासून वर चढणारे मावळे, अशी ही मांडणी. शिवकालीन मावळ्याला ठरावीक गणवेश नव्हता. तरीही खेळण्यातील मावळा पाहताक्षणी ओळखू येतो, याचे श्रेय पिढ्यान्‌पिढ्या मूर्तिकारांनी ठरवत नेलेल्या रंगयोजनेला दिले पाहिजे. पांढरा अंगरखा, म्हणजे अस्तर तसेच ठेवलेले. तांबडी किंवा भगवी पगडी आणि त्याच कुंचल्याने कमरेचा शेला. कातडीला गेरूमिश्रित पिवळा. आणि काळ्यात मिशी, ढाल, जोडे. एकही रंग दोनदा घ्यावा लागत नाही. इतिहासाला नसलेला गणवेश कुंभाराने मावळ्याला दिला, आणि तो इतका नेमका दिला की मुलांच्या मनातला मावळा आज त्याच चार रंगांचा आहे.

हे काम जवळून पाहिल्यास त्यातील शिस्त ध्यानी येते. दोन भागांच्या साच्यातून काढलेल्या आकृत्यांची जोडरेघ खरवडून त्या फळीवर एका ओळीत मांडल्या जातात. एक मावळा पुरा करून दुसरा हाती घेणे ही नवख्याची रीत. कसबी माणूस एक रंग घेऊन साऱ्या फळीवरून फिरतो, शेवटच्या आकृतीपर्यंत पोचेतो पहिली सुकलेली असते, मग दुसरा रंग. कुंचला रंगागणिक एकदाच धुवावा लागतो. फिकट रंग आधी आणि गडद नंतर, कारण पांढऱ्यावर गेलेला तांबडा पुन्हा झाकायला दोन हात लागतात, पण तांबड्याच्या कडेचा ओघळ काळ्या रेघेखाली आपोआप लपतो. शेवटी येते आखणी, म्हणजे डोळे, भुवया आणि मिशी रेखणे. ती घरातल्या सर्वांत स्थिर हाताच्या माणसाकडे असते. बाकीच्या रंगांत कडा थोडी इकडेतिकडे गेली तरी खपते, मात्र डोळा चुकला की मावळा वेंधळा दिसतो. झटपट रंगकाम म्हणजे सगळीकडे सारखीच घाई नव्हे. बाकी सर्वत्र वाचवलेला वेळ चेहऱ्यावर खर्चण्याची ही हिशेबी रीत आहे, आणि तिला कमअस्सल कारागिरी समजणे अन्यायाचे होईल.

या परंपरेला नसलेली दोन साधने परदेशी छंदाने दिली, हे मान्य केले पाहिजे. पहिले म्हणजे पाणरंगाचा लेप: गडद रंग पुष्कळ पातळ करून सबंध आकृतीवर सोडला की तो घड्यांत आणि खाचांत साचतो आणि सावली आपोआप पडते. दुसरे म्हणजे कोरडा कुंचला: रंग जवळजवळ पुसून टाकलेला कुंचला वरून फिरवला की फक्त उंचवटे उजळतात. २०१९ मध्ये सिटाडेल या इंग्रज छापाने मूळ रंग आणि सावली एकाच हातात देणारे पारदर्शक रंग बाजारात आणले. मात्र ते उठण्यासाठी खाली फिकट अस्तर लागते, म्हणजे मातीच्या बैलाची पहिली पायरी तिथेही चुकत नाही. साचे प्लास्टर ऑफ पॅरिसचे झाल्यावर आकृतीत घड्या आणि खाचा ठळक उमटू लागल्या, त्यामुळे हे दोन्ही उपाय मावळ्यांवर सहज चालतात. पोळ्याच्या बैलाचे प्रकरण वेगळे: तो पूजेनंतर पाण्यात विसर्जित होतो, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी विसर्जनाच्या मूर्तींसाठी प्लास्टर आणि विषारी रंग नाकारले आहेत. बैलापुरते तरी खडू, गेरू आणि डिंक यांकडे परतणे हेच शहाणपणाचे आहे.

अडगावची लढाई कोणा हौशी वऱ्हाडकराने टेबलावर मांडायची ठरवली, तर दोन्ही वाटा एकत्र वापराव्या लागतात. वेलस्लीच्या शिपायांना लाल रंगाचेच अस्तर द्यावे, पट्टे व विजार पांढरी, टोपी व जोडे काळे, कातडी आणि वर तपकिरी पाणरंगाचा एक लेप, की पलटण उभी राहते. भोसल्यांच्या बाजूला पांढऱ्याचे अस्तर देऊन फिकट तपकिरी लेपाने सुती कापडाच्या घड्या उठवाव्यात, आणि पगडी-शेल्यासाठी तांबडा, पिवळा व निळा असे तीन रंग ठरवून ते आळीपाळीने द्यावेत, म्हणजे शेजारच्या दोन शिपायांचा पोशाख सारखा होत नाही. गणवेश नसलेल्या सैन्याचा वेगवेगळेपणा तीन जादा रंगांत साधतो. तोफांना एकच काळपट पितळी हात पुरे. निशाणधारी स्वार मात्र फळीवरून बाजूला काढून सावकाश रंगवावा, कारण मांडलेल्या सैन्यात पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जाते.